मिलचा भोंगा, धरणाची कॉलनी आणि सिस्टरांची शाळा



लग्नात, मुंजीत नाहीतर कुणाच्या वास्तुशांतीला आपली गणेशगुडी-दांडेलीकडची जुनी माणसं भेटली की जेवणाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास येतो. "अगं, आपलं कॉन्व्हेंट चालू आहे ना अजून?" विचारणारा तीस वर्षांपासून पुण्यात नाहीतर बेळगावात असतो. मुलांची शिक्षणं तिकडेच झालेली. कॅथलिक तर तो नसतोच. तरी तोंडातून 'आपलं'च निघतं.

या 'आपलं'विषयी बरेच दिवस लिहायचं मनात होतं. शाळेच्या आठवणी आपण सगळेच लिहितो. आज जरा वेगळं लिहिते. या शाळा आपल्या जंगलात आल्या कशा, कुणाच्या जोरावर चालल्या, आणि आता गाव आटत चाललं असताना त्यांचं पुढे काय होणार? लेख लांब आहे, चहा घेऊन बसा.

नव्या मंडळींसाठी आधी थोडा भूगोल. गणेशगुडी म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं, काळी नदीच्या काठचं गाव. सुपा धरण इथलंच. दांडेली इथून वीस-पंचवीस किलोमीटर. पलीकडे रामनगर, कॅसलरॉक, आणि घाट उतरला की गोवा. हा जिल्हा १८६२ मध्ये मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईकडेच होता. त्यामुळे आमच्याकडे जुन्या घरांत मराठी आहे, कुणब्यांच्या वाड्यांवर कोकणी-मराठीच्या मधली बोली आहे, आणि दाखले, कचेरी सगळं कन्नडमध्ये. माझ्या लहानपणी घरात मराठी, अंगणात कोकणी, बसमध्ये कन्नड, मिलच्या वसाहतीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी असा हिशोब होता. पाच भाषा, पण एकही धड नाही, असं आजी म्हणायची.

आता कारखान्यांची गोष्ट. दांडेलीचं जंगल इंग्रजांच्या काळापासून सागवानासाठी प्रसिद्ध होतं. पण दांडेली 'शहर' झालं ते पेपर मिलमुळे. वेस्ट कोस्ट पेपर मिल्स १९५५ मध्ये स्थापन झाली. बांबू जंगलात, पाणी काळीचं, आणि माणसं साऱ्या देशातून. मालक बांगूर, म्हणून वसाहतीचं नाव बांगूरनगर. मारवाडी हिशेबनीस, बंगाली आणि तमिळ इंजिनियर, बेळगाव-खानापूर-चंदगडकडचे मराठी कामगार, धारवाडकडचे कन्नड, कारवारचे कोकणी, गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती फिटर. त्याच गावात प्लायवूडचा कारखाना होता, पुढे फेरो-अलॉयचा आला. तालुक्यात मँगनीजच्या खाणी होत्या. भोंगा झाला की पाळी बदलायची आणि रस्ता सायकलींनी भरून जायचा.

पगार ठरल्या तारखेला मिळायला लागला की माणूस पहिली गोष्ट काय करतो? मुलांच्या शाळेचं बघतो. दांडेलीत हेच झालं. कवी आणि कामगार पुढारी दिनकर देसाई यांनी १९५३ मध्ये कॅनरा वेल्फेअर ट्रस्ट काढला. त्या ट्रस्टचं जनता विद्यालय दांडेलीत उभं राहिलं आणि कामगारांची मुलं शिकली. दिनकररावांचा माणूस म्हणून मोठेपणा असा, की शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी भांडता भांडता त्यांनी या मागास जिल्ह्यात शाळांचं जाळं विणलं.

दुसरीकडे चर्चही हललं. १९५३ मध्येच बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि १९७६ मध्ये आमच्या जिल्ह्यासाठी कारवारचा. कॅथलिक शिक्षणाची परंपरा या भागाला नवी नव्हती. बेळगावचं सेंट पॉल्स १८५६ पासूनचं. पण ते कॅम्पातलं, साहेबांच्या वस्तीतलं. दांडेलीसारख्या ठिकाणी सेंट मायकल कॉन्व्हेंट आलं ते कारखान्याच्या गावात. हा फरक महत्त्वाचा आहे. कामगाराच्या पोराला इंग्रजी शाळा घराजवळ मिळाली ती इथे.

याच सुमारास आमच्याकडे धरणाचं काम आलं. काळी प्रकल्प हा कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनचा. सुपा धरणाची उंची १०१ मीटर, पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच. नागझरीचं मोठं वीजघर अंबिकानगरला. धरणात जुनं सुपा गाव गेलं. सुपा म्हणजे तालुक्याचं ठिकाण होतं हो, बाजार होता, कचेरी होती, देवळं होती. सगळं पाण्याखाली. तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं आणि पुष्कळ विस्थापित रामनगरला वसवले गेले. ज्यांचं गेलं त्यांचं दुःख वेगळं, आणि आमच्यासारखे जे धरणाच्या नोकरीवर आले त्यांचं सुख वेगळं. एकाच नदीचं पाणी, दोन घरांत दोन चवीचं.

माझे वडील त्या नोकरीवर आले आणि गणेशगुडीच्या कॉलनीत आम्ही वाढलो. क्वार्टर्स, क्लब, गणेशोत्सव, मे महिन्यात फणस. हायस्कूलला मात्र मला दांडेलीच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. सकाळची सरकारी बस, पावसाळ्यात खिडकीतून आत येणारं पाणी, गुडघ्यावर ठेवलेलं दप्तर. त्या बसमध्ये गौळीवाड्यावरचे दूधवाले, कुणबी बायका आणि आम्ही निळ्या-पांढऱ्या कपड्यातल्या मुली असायचो.

वर्गात कोण होतं हे आज आठवून बघितलं तर गंमत वाटते. पन्नास जणांच्या वर्गात कॅथलिक मुलं सात-आठ असतील. बाकी लिंगायत, मराठा, मुसलमान, सारस्वत, मारवाडी, दलित, सगळे. कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा तास, आम्हाला त्या वेळी मॉरल सायन्स. प्रार्थना सगळ्यांची एक. आमच्या घरी याचं कुणाला काही वाटलं नाही. आई पहिल्यांदा सिस्टरांना भेटायला गेली तेव्हा घाबरली होती, इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून. सिस्टर मंगळूरकडच्या. त्या कोकणीत बोलल्या, आई मराठीत, आणि अर्धा तास दोघींचं छान जमलं. घरी येऊन आई म्हणाली, "अगो, ती तर आपल्यातलीच की!"

आणि ते काही खोटं नव्हतं. कॅथलिक म्हणजे इंग्रजी हे समीकरण अलीकडचं. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज जेझुइट गोव्यात आले, मराठी शिकले आणि ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. वसईचे कॅथलिक आजही घरात मराठीच्याच बोली बोलतात आणि त्यांच्या मराठी शाळा पिढ्यान् पिढ्या चालल्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मात्र मराठी शिकवत नव्हते. देवनागरी हिंदीच्या तासाला. मराठी वाचायला मी आजीजवळ, 'केसरी'च्या जुन्या अंकांवर शिकले. ही या शाळेची आम्हाला पडलेली किंमत, तीही लिहून ठेवायला हवी.

आता ओहोटीकडे येते.

धरणाचं काम संपलं, १९८० च्या दशकात. बांधायला हजारो लागतात, चालवायला थोडे पुरतात. एकेक कुटुंब बदली होऊन गेलं. क्वार्टर्सना कुलुपं लागली, कुलुपांना गंज चढला, कौलांतून पिंपळ आले. दांडेलीत प्लायवूड बंद पडलं, फेरो-अलॉय बंद पडलं. जंगल कायद्यांपुढे मँगनीजच्या खाणी थांबल्या. पेपर मिल चालू आहे, कागद पूर्वीपेक्षा जास्तच निघतो, पण नव्या यंत्रावर माणसं कमी लागतात. कायम कामगाराच्या जागी कंत्राटी आला. २००७ मध्ये अणशी-दांडेली व्याघ्रप्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळीचं नाव मिळालं. वाघासाठी ते चांगलंच झालं, पण इथे आता नवा मोठा कारखाना येणार नाही हेही त्याबरोबर ठरलं.

जनगणना बघा. २००१ मध्ये दांडेलीची लोकसंख्या ५३ हजारांच्या वर होती. २०११ मध्ये ती ५२ हजारांवर आली. हजारभर माणसं कमी, यात काय एवढं, असं वाटेल. पण त्याच दहा वर्षांत कर्नाटकाची लोकसंख्या १५ टक्क्यांहून जास्त वाढली. सगळं राज्य फुगत असताना जे गाव आहे तिथेच राहत नाही, उलट घसरतं, त्याला आटणारं गावच म्हणायचं. आणि आटताना आधी जातात ती तरुण जोडपी, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलांचे आईबाप. त्यात घरटी मुलं चारावरून दोनावर, दोनावरून एकावर. शाळेला हा मार दुप्पट बसतो.

कॉन्व्हेंट शाळेचा जमाखर्च आपण पालक असताना कधी बघत नाही. साधं गणित आहे. विनाअनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार फीमधून निघतो. वर्गात पन्नास मुलं असोत की पंचवीस, गणिताचा मास्तर एकच लागतो आणि त्याला पगारही तेवढाच द्यावा लागतो. मुलं निम्मी झाली तर फी दुप्पट करायची, की मास्तर कमी पगाराचा आणायचा? फी वाढवली की उरलेले जातात, मास्तर बदलला की निकाल जातो. अनुदानित शाळेचं दुखणं वेगळं. तिथे शिक्षक रिटायर झाला की जागा भरायला सरकारची परवानगी लागते, आणि ती वर्षानुवर्षं लांबते.

पूर्वी हा खड्डा सिस्टर भरून काढायच्या. चार-पाच सिस्टर शिकवायच्या, त्यांचा पगार घरी जात नव्हता, संस्थेतच राहायचा. स्वस्तात चांगलं शिक्षण मिळायचं त्यामागे या बायकांची आयुष्यभराची बिनपगारी मेहनत होती. आता कॅथलिक घरांतही एक-दोनच मुलं. मुलगी नर्स होऊन गल्फला नाहीतर युरोपला जाते, मठात जाणाऱ्या कमी झाल्या. सिस्टर कमी म्हणजे पगारी शिक्षक जास्त, म्हणजे फी जास्त.

त्यात कायद्याचे दोन निकाल. ६ मे २०१४ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन्ही दिले. पहिला कर्नाटकाच्या भाषाधोरणाचा. १९९४ पासून राज्याने पहिली ते चौथी मातृभाषेत किंवा कन्नडमध्येच शिकवा असा आग्रह धरला होता, तो रद्द झाला. म्हणजे इंग्रजी माध्यमाचं दार सगळ्यांना उघडलं. दुसरा निकाल असा, की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. म्हणजे २५ टक्के जागा गरीब मुलांना देण्याची सक्ती कॉन्व्हेंटवर राहिली नाही, आणि त्या मुलांच्या फीचा सरकारी परतावाही गेला. अल्पसंख्याक म्हणून स्वातंत्र्य मिळालं, पण आटणाऱ्या गावात त्या परताव्याचाही आधार झाला असता.

इंग्रजी हीच कॉन्व्हेंटची ओळख होती, तीही आता एकट्याची राहिली नाही. गल्लोगल्ली इंग्रजी शाळा निघाल्या. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने आपल्याच हजार शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. खेड्यातल्या हुशार मुलांना मोरारजी देसाई निवासी शाळा आहेत, राहणं-जेवण फुकट. घाटाखाली गोव्यातही बघा. १९९० च्या धोरणाने अनुदान फक्त मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना ठरलं, तेव्हा चर्चने आपल्या बहुतेक प्राथमिक शाळा कोकणीत नेल्या. २०११ मध्ये इंग्रजीलाही अनुदान मिळालं आणि पुन्हा सगळं बदललं. चर्चची शाळा म्हणजे खडक, असं आपल्याला वाटतं. तसं काही नाही. पालक, पैसा आणि सरकार जिकडे ओढतील तिकडे तिलाही वळावं लागतं.

जगात हे सगळीकडे झालं आहे. अमेरिकेत डेट्रॉइट म्हणून मोटारींचं शहर. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख माणसं होती, २०२० मध्ये ६ लाख ३९ हजार. पोलिश, आयरिश, इटालियन कामगारांनी तिथे प्रत्येक चर्चशेजारी शाळा बांधली होती. कारखाने गेले, गोरे कामगार उपनगरांत गेले, शाळा ओस पडल्या. साऱ्या अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्याला कॅथलिक शाळांत ५२ लाखांवर मुलं होती, आज १७ लाखांच्याही आत आहेत. बहुतेक शाळा एक तर बंद झाल्या नाहीतर फी देणाऱ्यांच्या मागे उपनगरात गेल्या.

पण काहींनी तिसरी वाट धरली. १९९६ मध्ये शिकागोतल्या मेक्सिकन मजुरांच्या वस्तीत जेझुइटांनी क्रिस्तो रे नावाची शाळा काढली. मुलं आठवड्यातला एक दिवस कचेऱ्यांत काम शिकतात, आणि ती कचेरी त्याच्या बदल्यात शाळेला पैसे देते. त्यातून फीचा मोठा भाग निघतो. गरीब घरातलं मूलच तिथे घ्यायचं असा नियम. २००८ मध्ये डेट्रॉइटमध्येही अशी शाळा निघाली. मुलं बदलली, धर्म बदलले, पण त्या शहरात शाळा राहिली.

हे सांगायचं कारण, आपल्या दांडेलीसमोरही याच तीन वाटा आहेत. एक, फी देणाऱ्यांच्या मागे जायचं. ते तर बेळगाव-हुबळीला गेलेत, आणि तिथे शाळांना तोटा नाही. दोन, हळूहळू बंद व्हायचं. एक तुकडी कमी, मग हायस्कूलचे वर्ग कमी, मग इमारत भाड्याने. तीन, जे उरलेत त्यांची शाळा व्हायचं.

कोण उरलंय? नीट बघा. जोयड्याच्या वाड्यांवरचा कुणबी. जंगलाकडेचा गौळी. हल्याळ-यल्लापूरकडचा सिद्दी, ज्यांत हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक तिन्ही आहेत. २००३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे शिष्यवृत्ती आहे, पण ती पदरात पाडून घ्यायला मूल दहावीपर्यंत टिकलं पाहिजे. मिलचे कंत्राटी कामगार. आणि गणेशगुडीत आता राफ्टिंग आणि रिसॉर्ट आलेत, तिथे खोल्या झाडणाऱ्या, भाकऱ्या थापणाऱ्या, बोटी वल्हवणाऱ्या माणसांची मुलं. ही मुलं पाचवी-सातवीपर्यंत गावच्या शाळेत जातात. हायस्कूल लांब, रस्ता जंगलाचा, संध्याकाळची बस चुकली की रात्र. मुलगी असेल तर शिक्षण तिथेच थांबतं. या मुलांना कॉन्व्हेंटची इमारत, मैदान आणि शिस्त हवी आहे, त्याच्या जोडीला एक वसतिगृह हवं आहे. आणि फी त्यांना झेपत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. १९६०-७० मध्ये या शाळा उभ्या राहिल्या तेव्हा आपणही असेच होतो. माझे वडील घरातले पहिले मॅट्रिक. तुमच्यापैकी अनेकांचे वडील मिलमध्ये पाळीवर जाणारे. कुठून तरी आलेल्या, अनोळखी, दुसऱ्या धर्माच्या माणसांच्या मुलांना या सिस्टरांनी वर्गात बसवलं, म्हणून आपण 'स्थायिक' झालो. कॅथलिक शाळा कॅथलिकांनी वाचवावी असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत, कारण ती चालली आपल्या फीवर आणि फळली आपल्या घरांत.

करायचं काय? भावनेच्या भरात मोठी रक्कम गोळा करून रंग द्यायचा आणि संगमरवरी पाटी लावायची, हे पुष्कळ ठिकाणी झालंय. त्याने पट वाढत नाही. एका कुटुंबाने एका मुलाची आठवी ते दहावी, तीन वर्षांची फी आणि बसपास उचलला तर वर्गात एक मूल खरोखर वाढतं. वीस कुटुंबं मिळाली तर एक तुकडी टिकते. कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. आपल्यातले कितीतरी जण मोठ्या कंपन्यांत मोठ्या खुर्च्यांवर आहेत. ते हे काम करू शकतात. मात्र शाळेनेही दोन गोष्टी मान्य करायला हव्यात असं मला वाटतं. जागा या उरलेल्या मुलांसाठी राखायच्या, आणि कुणबी-सिद्दी मुलाच्या घरच्या बोलीला वर्गात मज्जाव करायचा नाही. सिस्टर आईशी कोकणीत बोलल्या तेव्हा आई शाळेत परकी राहिली नाही. त्या मुलांच्या आयांनाही तसं वाटलं पाहिजे.

सुपा बुडालं तेव्हा आपल्या हातात काही नव्हतं. कारखाने बंद पडले तेव्हाही आपल्याला कुणी विचारलं नाही. शाळेचं तसं नाही. ती एका दिवसात बुडत नाही, दर जूनला थोडी थोडी रिकामी होते, आणि दर जूनला ती भरायची संधीही असते.

तुमच्यापैकी कोण कोणत्या शाळेत होतं, कोणत्या वर्षी एसएसएलसी झालं, आणि तुमच्या वर्गात किती मुलं होती ते खाली जरूर लिहा. आकडा आठवून लिहा, तो कामाचा आहे. आणि ज्यांना एका मुलाचं तीन वर्षांचं बघायची तयारी आहे त्यांनी मला वेगळं कळवा. पुढच्या मे महिन्यात गणेशगुडीला जाणार आहे, त्याआधी यादी तयार व्हावी अशी इच्छा आहे.